पोलादातला दाणा

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या काळेवाडीच्या गच्च्यांवर पोरं फिरायला लागतात. हातात पुस्तक, ओठ हलताहेत, नजर कुठेच नाही. खाली जयंतीच्या निळ्या पताका विजेच्या तारांना अडकून उन्हात फिकट होत असतात आणि वर ही पोरं पाण्याच्या एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंत फेऱ्या घालत उत्तरं घोकत असतात. यंदा त्यांच्यात माझी सायली आहे. धातुशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष, आधी तोंडी परीक्षा आणि मग मावशीच्या संस्थेची मुलाखत. आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. जेवण उरकून मी खोलीत आडवी होते, ओढणीचं टोक डोळ्यांवर घेते, आणि डोक्यावरच्या स्लॅबमधून तिची पावलं ऐकू येतात. जातात, थांबतात, वळतात. ही पावलं मी आधी कधीतरी ऐकली आहेत असं वाटतं. वाटतं कशाला, ऐकलीच आहेत.

ती मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण प्रज्ञा. अणुभट्टीच्या आत वर्षानुवर्षं राहून पोलाद कसं म्हातारं होतं, याचा ती अभ्यास करते. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की त्याचा चोथा झालाय. शेजारणी विचारतात, बँकेतल्या बाई विचारतात, लग्नात भेटलेले लांबचे पाहुणे विचारतात आणि मी चेहरा नीट ठेवून सांगते. चेहरा नीट ठेवायची मला सवय आहे. माझं नाव शांता. गावाकडे आजीने शेजारच्या कुणा शांताबाईवरून ठेवलेलं. प्रज्ञाचं नाव ठेवेपर्यंत आम्ही शहरात आलो होतो. त्यासाठी विहारात चर्चा झाली, दोन शिकलेल्या माणसांनी अर्थ समजावून सांगितला, आईने तो पाठ केला. मी आईच्या पदराला धरून उभी होते. हेवा म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तो होता.

आता सरळच लिहिते. मला तिचा हेवा वाटतो. तिच्या पगाराचा नाही, फ्लॅटचा नाही. ती ‘आमचं पोलाद’ म्हणते ना, त्याचा. फोनवर बोलता बोलता सहज म्हणते, ‘आमचं पोलाद यंदा जरा लवकरच ताठरलंय गं’, जणू घरातल्या कुणाचे गुडघे धरलेत. पोलाद आधी माझं होतं.

त्याच्याही आधी ते अण्णांचं होतं. आमचे वडील फोर्जिंगच्या कंपनीत हॅमर शॉपला फिटर. तिथल्या घणांनी त्यांचे कान नेले, म्हणून घरात सगळे मोठ्याने बोलायचो, एकटी मी सोडून. मूळचे धाराशिवकडचे, इतकी वर्षं इथे काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. एकदा हॅमरचा जाडजूड रॉड मोडला, तेव्हा त्याचा वीतभर तुकडा ते साहेबांना विचारून घरी घेऊन आले. दाराला अटकण म्हणून. तो अजून आहे. त्याचं मोडलेलं तोंड बघण्यासारखं आहे. अर्धा भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेघांचा. उरलेला अर्धा खडबडीत, चमचमणारा, खडीसाखर फोडल्यासारखा. अण्णा आम्हा दोघींना समोर बसवून त्या चमचमणाऱ्या भागावर बोट ठेवायचे.

‘लेकरांनो, लोखंड बी म्हातारं होतंय. म्हातारं झालं की त्याच्यात दाणा पडतो. दाणा पडला की मग ते मोडतंय.’

मला ते वाक्य फार आवडायचं. भोसरीच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी ते म्हणून दाखवलं.

लॅबमधलं माझं काम तुकडे मोडायचं. अजून तेच करते, फक्त लॅब चाकणला गेली आणि हाताखाली माणसं आली. करंगळीएवढा चौकोनी तुकडा, मधोमध एक खाच. तो दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, लोलकासारखा टांगलेला जड हातोडा वर नेऊन सोडायचा. तुकडा मोडतो आणि हातोडा पलीकडे किती वर जातो त्यावरून कळतं, पोलादाने मोडताना किती तग धरला. मग तुकडे उचलायचे. चांगलं पोलाद मोडतानाही ओढलं जातं, त्याचं तोंड राखाडी, दोऱ्या दोऱ्यांचं दिसतं, ताजी भाकरी मोडल्यासारखं. तोच तुकडा बर्फाहून थंड करून मोडला तर कट्‌कन जातो आणि तोंड साखरेसारखं चमकतं. पहिल्यांदा ते चमकणं पाहिलं आणि मी उत्साहाने म्हटलं, सर, याच्यात दाणा पडलाय, हे म्हातारं झालंय. सर हसले. शेजारच्या मशीनवरचे दोघे हसले. त्यातल्या एकाने चहावाल्याला बोलावून त्यालाही सांगितलं, हे बघ राव, मॅडमचं लोखंड म्हातारं झालं. सरांनी नंतर नीट समजावलं, की धातूत दाणा पहिल्या दिवसापासूनच असतो, ओतलेला रस थिजतो तेव्हाच तो तयार होतो, वयाशी त्याचा संबंध नाही. मी मान खाली घालून ऐकलं. संध्याकाळी शेअर रिक्षात भोसरी सुटेपर्यंत कान तापलेले होते. घरी आले तेव्हा अण्णा दाराशी बसले होते, पाय त्या रॉडला टेकवून. त्यांना मी काही सांगितलं नाही. कुणालाच नाही.

तरी काम आवडायचं. मोडलेले तुकडे ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणायचे, प्रज्ञाला दाखवायचे. ती अकरावीत असेल. उजेडाकडे धरून बघायची, बोट फिरवायची, विचारायची, ताई, हा जोर तुकड्याच्या आत नेमका कुठे जातो गं? मला ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. बारावीनंतर सगळे कॉम्प्युटरकडे पळत होते तेव्हा तिने धातुशास्त्र घेतलं. ताईमुळे, असं ती सांगते. घरात दुसरंही एक सांगतात, की शांताने बहिणीसाठी डिप्लोमावर शिक्षण थांबवलं. मी ते कधी खोडलं नाही. खरं हे, की मला पदवीला प्रवेश मिळाला नव्हता, मार्क कमी पडले होते. त्यागाची गोष्ट आईने नंतर रचली, प्रेमानेच रचली, आणि मी ती अंगाला बसेल तशी घालून हिंडत राहिले.

तो उन्हाळा आता लिहिते. कूलरमध्ये ओतलेल्या पाण्याला वाळ्याचा वास, खिडकीला ओला पंचा, गच्चीवर आईच्या कुरडया आणि त्यांना कावळ्यांपासून राखायला काठीला बांधलेली काळी पिशवी. प्रज्ञाची मुलाखत तोंडावर आलेली. समुद्राकाठच्या त्या मोठ्या संस्थेत निवड झाली की आधी शिकवतात आणि मग तिथेच ठेवून घेतात. वर ऊन फार झालं की ती खाली यायची आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी फेऱ्या घालायची. स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तो गुरुवार होता. ओढणीच्या पातळ कापडातून मला तिची सावली दिसत होती, डावीकडून उजवीकडे जाणारी.

‘पोलाद म्हातारं होतं म्हणजे काय होतं?’ तिने विचारलं, आणि ठामपणे उत्तर दिलं, ‘म्हातारं होताना त्यात दाणा तयार होतो आणि त्यामुळे ते ठिसूळ होतं.’

अण्णांचं वाक्य. माझं वाक्य. तिने ते इंग्रजीत केलं तेव्हा तर ते आणखीच भारदस्त वाटलं. ती थांबली. मला वाटतं माझ्याकडे वळली. एकदा परत म्हणाली, जरा मोठ्याने. मी श्वास लांब केला, झोपेतल्या माणसाचा असतो तसा. तसा घ्यायला मला जमतं. डोळ्यांसमोर लॅबमधले ते हसणारे दात होते आणि मनात एकच होतं, हसू देत. एकदा हिलाही हसू देत.

मुलाखत घेणारे हसले नाहीत. पुढचं सगळं तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे हजर होते असं वाटतं. लांब टेबल, पलीकडे पाच-सहा जण, मध्ये बॉबकटवाल्या एक बाई. प्रश्न नेमका तोच आला. हिने तेच उत्तर दिलं. बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? ही म्हणाली, पुस्तकात नाही, अण्णांनी सांगितलं. मग बाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, अण्णांनी काय पाहिलं ते सांग. हिने आमच्या दाराची अटकण सांगितली. अर्धा भाग शिंपल्यासारखा, अर्धा खडीसाखरेसारखा. आणि सांगता सांगताच हिची जीभ अडखळली. रॉड एक, त्याचं वय एक, मग दाणा अर्ध्याच तोंडावर कसा? हिनेच मोठ्याने विचार केला, त्यांच्यासमोर. म्हणजे वयाने दाणा पडत नाही. तो सगळीकडे आधीपासूनच असणार. रॉड अर्धा हळूहळू चिरत गेला, ते शिंपल्यासारखं. उरलेला एका दणक्यात मोडला, तिथे दाणा नुसता उघडा पडला. मॅडम, माझं पहिलं उत्तर चुकलं, असं ही म्हणाली. बाई हसल्या, पण ते हसणं निराळं. तिची निवड झाली.

त्या अटकणीभोवती मी रोज झाडू फिरवत होते. तेच वाक्य मीही बोलले होते. मी मान खाली घातली आणि तिने पुढचा विचार केला, एवढाच काय तो फरक. याचाच हेवा मला जास्त जाळतो, कारण इथे नशिबाला काही बोलता येत नाही.

ही गोष्ट आमच्या घरात दर उन्हाळ्याला सांगितली जाते. प्रज्ञा सुट्टीला आली, चार माणसं जमली, की कुणीतरी म्हणतं, ते चुकीच्या उत्तराचं सांग ना. ती रंगवून सांगते, अण्णांची नक्कल करते, अण्णांना ऐकू येत नसलं तरी ते सगळ्यांच्या तोंडांकडे बघून हसतात. आणि गोष्टीत एक ठरलेली जागा येते. ‘ताई झोपली होती ना त्या दुपारी, जागी असती तर तिथेच माझा कान धरला असता.’ सगळे माझ्याकडे बघतात, कौतुकाने. मी चहाचे कप गोळा करायला लागते.

तिच्या कामाविषयी मला जे कळतं ते मी लक्ष देऊन ऐकते. हेवा करणाऱ्याइतकं नीट कुणी ऐकत नाही. भट्टीत न्यूट्रॉन सुटलेले असतात, ते पोलादात घुसून अणूंना धडकतात. सायली लहान असताना प्रज्ञाने तिला हे भोसरीच्या शेअर रिक्षावरून समजावलं होतं. रिक्षा भरलेली आहे, एक दांडगा माणूस धावत येऊन आत घुसतो, एकाला जागेवरून उडवतो, तो दुसऱ्यावर पडतो, दुसरा तिसऱ्यावर. क्षणात सगळे सावरतात. ज्याला जी जागा सापडेल तिथे बसतो, आपलीच मिळेल असं नाही. पण एखादा दाराला लोंबकळत राहतो आणि एखादी जागा रिकामी. रिक्षा बाहेरून तशीच दिसते. असं दिवसरात्र, वर्षानुवर्षं. लोंबकळणारे एकत्र जमतात, रिकाम्या जागा एकत्र जमतात, पोलादात आधीपासून तांब्याचा अंश असेल तर त्याच्याही गाठी होतात. मग ते पोलाद वाकायचं विसरतं. त्याला पूर्वीसारखं ओढलं जाता येत नाही. जे भाकरीसारखं मोडायचं, ते उबेतसुद्धा साखरेसारखं मोडतं.

आणि हे कळावं म्हणून काय करतात, तर भट्टी ज्या पोलादी भांड्यात असते ते ज्या जाड पत्र्याचं असतं त्याच पत्र्याचे छोटे तुकडे, माझ्या त्या करंगळीएवढ्या तुकड्यांसारखेच, आत टांगून ठेवतात. भांड्याच्या भिंतीपेक्षा जाळाच्या जवळ. म्हणजे ते भिंतीच्या आधी म्हातारे होतात. ठरावीक वर्षांनी त्यातले काही काढायचे आणि मोडून बघायचे. ते कसे मोडले यावरून भांडं पुढे कसं वागेल ते कळतं. साक्षीदार तुकडे म्हणते ती त्यांना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, एकाच पत्र्यातून कापलेल्या दोघी, एक भांडं झाली आणि एकीला आत टांगलं. किती सोयीचा विचार. मला कुणी टांगलेलं नव्हतं.

किरणोत्सारामुळे तिला ते तुकडे हातात घेता येत नाहीत. मीटरभर जाडीची भिंत, त्यात शिसं घातलेल्या पिवळसर काचेची खिडकी, पलीकडे यंत्राचे हात. ती अलीकडे उभी राहून ते हात चालवते, हातोडा सोडते, तुकडे काचेतूनच बघते. एकदा म्हणाली होती, ताई, तुझं बरं, तुला मोडल्यावर बोट फिरवता येतं. ती ते मनापासून म्हणाली. मला मात्र राग आला. माझ्याकडे होतं नव्हतं तेवढंही तिने मागून घेतल्यासारखं.

या वर्षी ती बुद्धपौर्णिमेच्या आधीच आली. गुरुवारी दुपारी आम्ही तिघी खोलीत होतो. ती चिकू चिरत होती, मी सायलीचा मुलाखतीचा कुर्ता शिवत होते, बाहीला उसवला होता तिथे. सायली मावशीला उत्तरं म्हणून दाखवत होती. मावशीसारखं व्हायचंय, हे ती घरभर सांगत असते, मलाही सांगते, माझ्याच तोंडाकडे बघून. अडखळली तेव्हा प्रज्ञा म्हणाली, घाबरू नको, मी तर धडधडीत चुकले होते. आणि गोष्ट सुरू झाली. ती जागा आली.

‘तुझी आई झोपली होती म्हणून. जागी असती तर…’

‘मी जागी होते.’

सुई हातातच राहिली. इतक्या वर्षांनी आवाज कसा साधाच निघाला, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसा. सायलीने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि पुस्तक उचलून गच्चीवर गेली. शहाणी आहे.

प्रज्ञाने विचारलं, ऐकलं होतंस? मी म्हटलं, दोन्ही वेळा. मराठीतलंही, इंग्रजीतलंही. मग मी तिला भोसरीचं सांगितलं. सर, शेजारचे दोघे, चहावाला. म्हटलं, त्याच वाक्याला मला हसले होते, म्हणून वाटलं, तुलाही हसू देत. आणि हेवा वाटायचा, अजून वाटतो, हेही सांगितलं, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता.

ती चिकूच्या बिया बाजूला करत राहिली. वरून पावलं येत होती.

‘मी तुझ्यापाशी येऊन का म्हणत होते, ताई?’ ती म्हणाली. ‘गच्चीवर सावली होती की जिन्यापाशी. खाली यायचे ती तू असायचीस म्हणून. तू उठली नाहीस, तेव्हा वाटलं, बरोबर असणार. तिथे चुकलं, तेव्हा म्हटलं, झोपली असेल. दुसरं काय म्हणणार होते मी?’

मी विचारलं, असं ठिसूळ झालेलं पोलाद परत नीट करता येतं का गं? तिला माझा डाव कळला असावा, तरी तिने उत्तर दिलं, ती अशीच आहे. तापवून काही दिवस तसंच ठेवलं की बरंच परत येतं, म्हणाली. हललेले अणू जागा शोधतात. सगळं नाही परत येत. आणि भट्टी चालू राहिली तर पुन्हा ठिसूळ व्हायला लागतंच. एवढं बोलून ती ताट घेऊन आत गेली. रात्री जेवताना माझ्याशी नेहमीसारखी बोलली, पण नेहमीपेक्षा थोडी कमी.

पौर्णिमेला घर भरलं. वंदना झाली, मी खीर वाढायला घेतली. कुणीतरी म्हणालंच, चुकीच्या उत्तराचं सांग. मी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभी राहिले. प्रज्ञाने सांगायला सुरुवात केली, तीच नक्कल, तेच हशे. ती जागा जवळ आली आणि तिने ती ओलांडली. त्या दुपारवरून थेट मुलाखतीच्या लांब टेबलावर गेली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण आईला गोष्ट तोंडपाठ.

‘अगं, शांता झोपली होती ते राहिलं की.’

‘राहू दे आई, पुढचं ऐक.’

‘राहू दे काय? ते खरं मजेचं. शांता जागी असती तर…’

‘जागी होते मी, आई,’ मी म्हटलं.

हातातले चमचे थांबले. आईचं तोंड तसंच उघडं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, त्यांना ऐकू काही आलं नव्हतं, पण माणसं एकदम गप्प झालेली दिसली. त्यांनी प्रज्ञाचा हात ओढून विचारलं, काय म्हणायली शांता?

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘ताई म्हणतेय, दाणा आधीपासूनच असतो.’

अण्णांनी मान हलवली. दाराच्या अटकणीकडे बोट केलं. ‘न्हाई. म्हातारपणीच पडतो. म्या सोता पाहिलंय.’

सगळे हसले. मीही हसले. मी पुढच्या वाटीत खीर घातली. प्रज्ञाचं ते इतकं नेमकं, इतकं मऊ वाक्य, आणि तेही मला वाचवायला. ते तिलाच सुचलं होतं, आणि एवढ्या लोकांत उभी असताना मला त्याचाही हेवा वाटला.